रंगीत टेकड्यांची रोजकीर्द



अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, मिचेल या लहानशा गावाजवळ 'पेंटेड हिल्स' नावाच्या टेकड्या आहेत. छायाचित्रात पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा वाटले, कोणीतरी संगणकावर रंग भरले असावेत. लाल, पिवळा, सोनेरी, मधूनच काळ्या ठिपक्यांची रेघ, पट्ट्यावर पट्टा. पण हे रंग कोणी वरून दिलेले नाहीत. ते मातीतूनच आले आहेत, आणि ती माती कशाची हे वाचल्यावर मी थोडा वेळ गप्प झालो.

ती राख आहे. सुमारे ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींची राख या भागात पुन्हा पुन्हा पडत राहिली. पाऊस आणि झाडांची मुळे यांनी तिची माती केली, तिच्यावर अरण्य वाढले, त्यावर पुन्हा राख. हवा उष्ण व दमट होती तेव्हा मातीतील लोह गंजले, तो लाल थर. (आपल्या कोकणातला जांभाही लोहामुळेच लाल.) हवा थंड व कोरडी होत गेली तसे थर पिवळसर झाले. काळे ठिपके मँगनीजचे. म्हणजे आपण ज्याला सौंदर्य म्हणतो, ते राख आणि गंज!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे मला रोजकीर्द आठवली. चुकीची नोंद खोडायची नसते, असे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. दुरुस्तीची नवी नोंद करायची, जुनी तशीच राहते. गेल्या वर्षी मी एका विषयात नापास झालो आणि तीन आठवडे घरी सांगितले नाही. आई रोज विचारायची, "लागला का रे निकाल?" मी म्हणायचो, "नाही अजून." सत्संगात नामस्मरण करत होतो, पण आत एकच मागणे होते: देवा, हे घडलेच नाही असे कर. ते मागणेच चुकले होते. या टेकड्यांतला गंजलेला थर भगवंताने खरवडून काढलेला नाही. ज्या राखेखाली एक अरण्य गाडले गेले, तिच्यातच पुढच्याने मुळे धरली. शेवटी मी आईला सांगितले. ती रागावली नाही असे नाही.

या परिसरातील जीवाश्मांचे महत्त्व १८६० च्या दशकात ओळखले ते थॉमस कॉन्डन यांनी. ते चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. प्रवचन करणारा माणूस दगडही मन लावून वाचत होता, हे मला फार आवडले.

या टेकड्यांवर पाय ठेवण्यास मनाई आहे. माती इतकी नाजूक की उमटलेले पाऊल वर्षानुवर्षे पुसले जात नाही. म्हणून एका ठिकाणी लाकडी पायवाट बांधली आहे, लोक तिच्यावरूनच चालतात. पावसात माती पाणी पिऊन फुगते आणि रंग बदलतात. वाळली की तिला भेगा पडतात. या मातीत फारसे काही उगवत नाही. तरी वसंत ऋतूत उतारांवरच्या घळींमधून पिवळ्या फुलांच्या बारीक ओळी खाली उतरत येतात.