कबुतर परत येते, म्हणून ते मोकळे असते का?

घरात पक्षी पाळावा की नाही, याबद्दल साधकांमध्ये साधारण दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की कोणत्याही जिवाला बांधून ठेवणे ही हिंसाच. पिंजरा चांदीचा असला म्हणून काय झाले? दुसरे मत असे, की प्रेमाने सांभाळलेला जीव दुःखी नसतो आणि सांभाळता सांभाळता माणसाचेही मन मऊ होते. पोपटाच्या बाबतीत हा वाद लवकर मिटतो. आपल्याकडचा पोपट हा रानातला पक्षी आहे, त्याला पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि दार उघडे राहिले तर तो निघून जातो. त्याला काय हवे होते हे कळायला वेगळा पुरावा लागत नाही.

कबुतराचे तसे नाही. त्याचे दार उघडले की तेही उडते, पण संध्याकाळी परत येते. म्हणून कबुतरे पाळणारे म्हणतात, "आम्ही कुठे कोंडले आहे? ते आपल्या मनाने येते." हे उत्तर ऐकायला फार गोड आहे. ज्याला हा छंद सुरू करायचा आहे, त्याने ढाबळ बांधण्याआधी या उत्तराकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते.

कबुतर परत येते ते कुणाकडे? सूर्याची दिशा, पृथ्वीचे चुंबकत्व, वास, ओळखीच्या खुणा अशा अनेक गोष्टींच्या आधाराने ते वाट काढते, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. पण ते येते जागेकडे, आपल्या जोडीदाराकडे, घरट्यातल्या पिल्लांकडे. मालकाने घर बदलले तर मोठे झालेले कबुतर नव्या घरातून सुटून जुन्या गच्चीवर जाऊन बसते. विकत आणलेले मोठे कबुतर सोडले की विकणाऱ्याकडे परत जाते. मालकावरच्या प्रेमाने ते येत असते, तर असे झाले नसते. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लिहिले आहे, की कबुतरे उडवण्याच्या खेळाला बादशहा 'इश्कबाजी' म्हणत असे. नाव सुंदर आहे, पण इश्क बहुतेक एका बाजूने असतो.

म्हणूनच नवशिक्याला जाणकार सांगतात की मोठी कबुतरे घेऊ नका. महिन्याभराची, नुकतीच स्वतः दाणे टिपू लागलेली आणि अजून न उडालेली पिल्ले घ्या. त्यांना काही आठवडे गच्चीवर जाळीच्या आत ठेवा, म्हणजे आजूबाजूची घरे, झाडे, आकाश त्यांच्या ओळखीचे होते. मग संध्याकाळच्या दाण्याच्या आधी, पोट रिकामे असताना, थोडा वेळ दार उघडा आणि डब्यातले दाणे वाजवून परत बोलवा. पुढे एक किलोमीटर, पाच, दहा असे अंतर वाढवत न्या. मोठी कबुतरे घेतलीच, तर ती जन्मभर आतच ठेवावी लागतात. त्यांची पिल्ले मात्र तुमच्या घराची होतात. इंग्रजीत अशा आत ठेवलेल्या पक्ष्यांना 'प्रिझनर' असेच म्हणतात. निदान शब्द तरी प्रामाणिक आहे.

आता या सगळ्या रीतीकडे पाहिले की कळते, कबुतराला दोरी नाही असे नाही. भूक ही दोरी आहे, जोडीदार ही दोरी आहे, पिल्ले ही दोरी आहे. शर्यतीच्या कबुतरबाजीत तर नराला काही दिवस मादीपासून वेगळे ठेवतात आणि सोडण्याआधी तिला क्षणभर दाखवतात, म्हणजे तो वेगाने घरी यावा. पक्ष्याची आसक्ती हेच तिथले इंधन.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदूला अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात कपोत आहे. संत एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत एवढी विस्तृत टीका लिहिली, म्हणून ही कथा आपल्या घराघरांत पोहोचली. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले सापडतात, त्यांच्यामागे कपोती जाते आणि शेवटी कपोतही आपणहून जाळ्यात उडी घेतो. प्रवचनात ही कथा आली की आपण कपोताकडे पाहतो, त्याची आसक्ती पाहून सावध होतो. मला मात्र हल्ली त्या पारध्याकडे पाहावेसे वाटते. त्याला सगळ्यांना पकडण्याचे कष्ट पडले नाहीत. पिल्ले पुरेशी होती, पुढचे काम मायेने केले. कबुतर पाळणारा माणूसही तीच माया वापरतो. मग त्याच्यात आणि पारध्यात फरक कुठे? दोरीत फरक नाही. पक्षी परत आल्यावर त्याचे काय होते, तिथे फरक आहे. पारध्याकडे गेलेल्या पक्ष्याची गोष्ट तिथे संपते. पाळणाऱ्याकडे आलेल्या पक्ष्याची रोज सकाळी नव्याने सुरू होते, आणि ती बरीच वर्षे चालते.

किती वर्षे, हे नवशिक्याला सहसा कुणी सांगत नाही. नीट सांभाळलेले कबुतर दहा-पंधरा वर्षे जगते. एका पक्ष्याला दिवसाला साधारण तीस ग्रॅम दाणे लागतात: ज्वारी, बाजरी, गहू, मका, वाटाणा आणि दाणे दळायला बारीक खडी. दहा पक्षी म्हटले तर वर्षाला शंभर किलोच्या वर धान्य. रोज ताजे पाणी, रोज विष्ठा खरवडणे, मान वाकडी पडण्याच्या रोगावर वेळेवर लस. पिसांची भुकटी आणि वाळलेली विष्ठा यांनी फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते, म्हणून साफ करताना तोंडाला मास्क हवा. घरात किंवा शेजारी कुणाला दमा असेल तर हा विचार सोडूनच द्यावा. वाणिज्य शाखेत आम्हाला देणे आणि मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला शिकवतात. बाजारातून जोडी आणताना ती मालमत्ता वाटते. घरी आल्यावर ती देण्याच्या रकान्यात जाते आणि पंधरा वर्षे तिथेच राहते.

यात तरुणांसाठी एक अडचण आहे. वीस-बाविसाव्या वर्षी आपण पुढच्या पाच वर्षांत कुठे असू हे सांगता येत नाही. शिक्षण, नोकरी, लग्न यात गाव बदलते. कुत्रा बरोबर नेता येतो. उडते कबुतर त्या गच्चीचे असते, ते नेले तर त्याला उरलेला जन्म आत काढावा लागतो. म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्या, शिकत असलेल्या साधकाने विचारले तर माझे उत्तर 'आत्ता नको' असेच राहील. घरात कुणी आजोबा, काका पुढे सांभाळायला खरोखर तयार असतील, तर गोष्ट वेगळी. त्यांना आधी विचारावे, गृहीत धरू नये.

दुसरी अडचण अहिंसेची. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते, अठराएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात. दिवसा नर बसतो, रात्री मादी. पिल्लांसाठी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो. हे पाहणे हा मोठा आनंद आहे. पण पहिली पिल्ले घरट्यात असतानाच पुढची अंडी येतात. दोन जोड्यांची वर्षभरात गर्दी होते आणि मग मालक जास्तीचे पक्षी बाजारात देतो. ते तिथून कुठे जातात हे न विचारण्यातच त्याची सोय असते. त्यापेक्षा अंडे घातल्याबरोबर ते काढून जागी नकली अंडे ठेवणे मला कमी दोषाचे वाटते. ज्याला तेही पटत नसेल त्याने नर आणि माद्या वेगळ्या ठेवाव्यात. शर्यतीत मागे पडणारे पक्षी काढून टाकण्याची रीत या छंदात आहे, तिच्याशी मात्र तडजोड नको. शर्यत नसलेला छंदही पूर्ण छंद असतो.

आपल्याकडच्या हिंदी लेखांचे मराठी करताना एक शब्द मला नेहमी थांबवतो. मराठीत आपण कबुतर पाळतो आणि व्रतही पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो. व्रत पाळताना बांधला जातो तो व्रत घेणारा. पक्ष्याच्या बाबतीत हाच अर्थ धरला तर पहाटे कोण उठतो, गाव सोडून कोण जाऊ शकत नाही, हे पाहिले की कोण कुणाला बांधले गेले आहे ते कळते.

ओडिशा पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून मिळालेली दोनशे कबुतरे घेऊन संदेशसेवा सुरू केली, कोरापुट जिल्ह्यात. १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला पाठवलेला निरोप याच सेवेतल्या कबुतराने नेला. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या तेव्हाही ती उपयोगी पडली. आता त्यांच्या संदेशाची कुणाला गरज उरलेली नाही. तरीही कटकला ही कबुतरे जतन करून ठेवली आहेत. सरकारी खात्याच्या खर्चाबद्दल कुणी काहीही म्हणो, मला ही गोष्ट आवडते. उपयोग संपल्यावरही दाणे चालू आहेत.

याउलट चौकात मूठभर दाणे फेकून निघून जाणे सोपे. जुलै २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करायला घेतल्यावर दादरला केवढा क्षोभ झाला ते आपण पाहिले. जीवदयेची ती परंपरा मी हलकी मानत नाही. पण दाणे टाकणाऱ्याच्या खात्यात पुण्य जमा होते आणि खोकला वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या खात्यात, हा हिशोब जुळत नाही. पाळणाऱ्याला निदान प्रत्येक पक्षी ओळखावा लागतो.

आणि शिक्रा? ढाबळ सुरू केली की कधी ना कधी शिक्रा येतो, एक पक्षी उचलून नेतो. नवशिक्या साधकाच्या मनात त्या दिवशी जो द्वेष उसळतो, तो त्याने पाहून ठेवावा. शिबी राजाच्या कथेत आपल्याला शरण आलेले कबुतर आठवते. पण राजाने ससाण्याला 'तू पापी आहेस' म्हणून हाकलले नाही. त्याची भूक खरी मानली आणि आपल्या अंगचे मांस तोलून दिले. आपल्याला एवढे जमणार नाही. शिक्रा दिसला की त्या दिवशी कबुतरे सोडू नयेत, वेळ बदलावी, एवढे जमते. शिक्र्याला दगड मारणे या छंदात बसत नाही. गच्चीवर मांजाही नको, संक्रांतीच्या आठवड्यात तर दार बंदच बरे.

हे सगळे लिहिताना एक प्रश्न मला सोडत नाही. आपल्यातले अनेकजण लहानपणी आईवडिलांच्या हाताला धरून बालसंस्कार वर्गात आले. न उडालेल्या पिल्लासारखे. आकाशाची पहिली ओळख याच गच्चीवरून झाली, आणि आज आपण सत्संगाला परत येतो ते आपल्या मनाने येतो असे म्हणतो. मग आपले येणे मोकळे आहे का? मला वाटते, कुठे वाढलो यावरून ते ठरत नाही; घर तर प्रत्येकाला कुणीतरी दिलेलेच असते. दार खरोखर उघडे आहे का आणि जो परत आला नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून ते ठरत असावे. येणे बंद केलेल्या मित्राचे नाव आपल्या घरात कोणत्या सुरात घेतले जाते?

ढाबळीत हा प्रसंग येतोच. एखाद्या संध्याकाळी मोजताना एक कमी भरतो. त्या रात्री आत येण्याची खिडकी उघडी ठेवावी, मांजर येणार नाही एवढी काळजी घेऊन. पाणी भरून ठेवावे. चार दिवसांनी, कधी महिन्याने, पंख झिजलेला पक्षी येतो. कधी येत नाही. आणि कधी दुसऱ्याचाच पक्षी थकून तुमच्या गच्चीवर उतरतो. जुन्या कबुतरबाजीत असा पक्षी पकडून ठेवणे हा विजय समजतात. त्याच्या पायात कडे असेल तर त्यावरचा नंबर लिहून घ्यावा, मालक सापडतो का पाहावे. त्याला इतरांपासून वेगळे ठेवून दाणे-पाणी द्यावे, रात्रभर विसावू द्यावे, आणि सकाळी आकाश स्वच्छ असेल तर गच्चीवर नेऊन हात उघडावा.