केल्टिक हार्प आणि उशिराची सुरुवात

केल्टिक हार्प हे आयर्लंड, स्कॉटलंड आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताशी जोडलेले तंतुवाद्य आहे. उजव्या खांद्याला टेकवून ते दोन्ही हातांनी छेडतात. त्याची चौकट तीन बाजूंची असते: खाली पोकळ पेटी, वर वळणदार मान आणि पुढे उभा खांब. तारा साधारण २२ ते ३८ असतात. वाद्यवृंदातल्या मोठ्या हार्पला ४७ तारा आणि ७ पेडल असतात. केल्टिक हार्पला पेडल नसतात. तिच्या तारांच्या वरच्या टोकाला छोटे लिव्हर बसवलेले असतात. लिव्हर उचलला की तार अर्ध्या स्वराने चढते. इतक्या तारांत वाट सापडावी म्हणून प्रत्येक सप्तकातली ‘सी’ची तार लाल आणि ‘एफ’ची निळी किंवा काळी ठेवतात.

नोकरी आणि संसार मार्गी लागल्यावर वाद्य शिकायला निघालेले पुष्कळ जण या हार्पकडे वळतात. व्हायोलिनवर स्वराची जागा बोटाने शोधावी लागते, बासरीत फुंक सापडेपर्यंत नुसता वारा वाहतो, गिटारच्या तारा दाबून बोटांची टोके सोलवटतात. हार्पवर यातले काहीच नाही. स्वरमंडळाप्रमाणे प्रत्येक तारेत तिचा स्वर आधीच जुळवून ठेवलेला असतो आणि पहिल्याच दिवशी छेडलेली तारही कानाला गोड लागते. त्यामुळे हे वाद्य सोपे आहे, असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे.

हार्पवर स्वर काढणे सोपे, तो थांबवणे अवघड. छेडलेली तार बराच वेळ घुमत राहते. तिच्यावर पुढचा स्वर येतो, मग त्याच्या पुढचा, आणि सगळ्यांचा मिळून गलबला होतो. मंद्र सप्तकातल्या जाड तारांवर तर हा गलबला फारच लवकर उठतो. कोणती तार घुमू द्यायची आणि कोणती तळव्याने किंवा बोटाने शांत करायची, हे ठरवणे हाच वादनाचा मोठा भाग आहे, आणि तो पहिल्या दिवसाच्या गोडव्यात दिसत नाही. पहिल्या महिन्यात खूश असलेला प्रौढ विद्यार्थी पुढे हमखास अडतो, तो इथे.

दुसरी अडचण हातांची. अंगठा आणि पुढची तीन बोटे एवढीच वापरात असतात. करंगळी आखूड पडते, म्हणून ती बाजूला राहते. तार छेडल्यावर बोट तळव्यात मिटायचे, आणि पुढच्या तीन-चार स्वरांसाठी बोटे आधीच तारांवर ठेवून मग वाजवायचे, अशी शिस्त आहे. म्हणजे हाताला सुरावटीच्या एक पाऊल पुढे राहावे लागते. सुरावटीचे तुकडे पाडून विचार करणे प्रौढाला लवकर जमते. त्याच्या बोटांना मात्र घट्ट धरण्याची सवय असते, मान बोटे पाहायला पुढे झुकते, खांदे नकळत वर चढतात. उशिरा शिकणाऱ्यांच्या बऱ्याचशा वेदना या बसण्यातून आणि ताणातून येतात. वयाला उगीच दोष दिला जातो.

वयाचा परिणाम नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. १९९५ मध्ये तंतुवादकांच्या मेंदूवर प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात डाव्या हाताच्या बोटांना मिळालेली मेंदूतली जागा इतरांपेक्षा मोठी आढळली, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत ती अधिक मोठी होती. वय हा नुसता आकडा आहे, हे वाक्य वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरते ठीक आहे. बोटांच्या चपळाईत आठव्या वर्षी सुरुवात करणारा पुढेच राहतो. पण चपळाई म्हणजे सगळे वादन नव्हे, याची सर्वांत बोलकी साक्ष खुद्द आयर्लंडमध्ये मिळते.

टर्लॉ ओ’कॅरोलन (१६७० ते १७३८) हा आयर्लंडचा सर्वांत प्रसिद्ध हार्पवादक. देवीच्या रोगाने अठराव्या वर्षी त्याची दृष्टी गेली आणि त्यानंतर तो हार्प शिकू लागला. त्याला आश्रय देणाऱ्या मॅकडर्मट रो घराण्यातल्या बाईंनी शिक्षणाची सोय केली आणि तीन वर्षांनी घोडा व वाटाड्या देऊन त्याला रवाना केले. व्यावसायिक हार्पवादक लहानपणीच तालमीला बसत. त्या मोजमापात अठरा म्हणजे फार उशीर. पहिल्या प्रतीचा वादक म्हणून त्याची गणना झाली नाही. परंपरेने सांगतात की त्याचे वादन ऐकून एका यजमानाने त्याला स्वतःच्या रचना करून पाहण्याचा सल्ला दिला. गावोगाव, यजमानांच्या घरी राहत त्याने रचलेल्या दोनशेहून अधिक सुरावटी आज उपलब्ध आहेत. त्याच्या काळात त्याच्याहून सफाईने वाजवणाऱ्या बहुतेकांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. हाताने जे दिले नाही ते त्याने कानाकडून आणि कल्पनेकडून मिळवले.

ही वादनपरंपरा पुढे जवळजवळ संपली. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरला, तेव्हा आयर्लंडमधून दहाच वादक जमले आणि त्यांतले बरेच अंध व वृद्ध होते. डेनिस हेम्पसनचे वय तर ९७ सांगितले जाते. वाढवलेल्या नखांनी धातूच्या तारा छेडण्याची जुनी पद्धत त्या मेळाव्यात एकट्या त्याच्याकडे उरली होती. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाने त्या सुरावटी टिपून घेतल्या. पुढे त्या पियानोसाठी छापताना त्याने त्यांना आपल्या काळाचा साज चढवला, त्यामुळे मूळ रूप पुसट झाले. तरी त्याने टिपले नसते तर तेवढेही हाती लागले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्लिनच्या जॉन ईगनने तातीच्या तारांची लहान हार्प बनवली. आजची केल्टिक हार्प तिच्या वंशातली आहे. ब्रिटनीत तर हे वाद्य विसाव्या शतकात नव्याने उभे राहिले: जॉर कोश्वलूने साठी ओलांडल्यावर, १९५३ मध्ये, आपल्या मुलासाठी हार्प घडवली आणि त्या मुलाने, म्हणजे अलन स्तिवेलने, १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेतून ती युरोपभर पोहोचवली. आयर्लंडमधले हार्पवादन २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले.

उशिरा शिकणाऱ्यांना धीर द्यायला ‘चीफटन्स’ या वाद्यमेळाच्या डेरेक बेलचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. तो तिशीच्या उंबरठ्यावर हार्प शिकला हे खरे, पण तोवर तो ओबो आणि पियानोत तयार झालेला व्यावसायिक कलाकार होता. साठीत प्रथमच स्वरलिपी पाहणाऱ्याने त्याच्याशी तुलना करण्यात हशील नाही.

अशा माणसाला उपयोगी पडते ती या संगीताची ठेवण. आयरिश सुरावटी छोट्या असतात. आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, हा नेहमीचा साचा. उजव्या हाती मूळ सुरावट आणि डाव्या हाती दोन-तीन स्वरांची साथ एवढ्यावर संथ चाल पूर्ण उभी राहते. ती एखाद्या कठीण रचनेची शिकाऊ आवृत्ती नसते. नाचाच्या जलद चालींमागे लागणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण घुमणाऱ्या तारांवर वेग आला की सुरावट पुसली जाते. शिवाय ही परंपरा शतकानुशतके कानाने चालत आली असल्याने स्वरलिपी न येणे हा अडसर ठरत नाही.

रोजचे जुळवणेही शिक्षणातच धरावे. हवेतल्या ओलाव्याने लाकूड हलते, नव्या नायलॉनच्या तारा ताणत राहतात, आणि प्रत्येक बैठकीआधी तीसेक तारा कानाखालून जातात. त्यातून कान जितका तयार होतो तितका नुसत्या बोटांच्या सरावाने होत नाही. स्कॉटलंडमध्ये १९३१ पासून ‘क्लार्सख सोसायटी’ या वाद्याचा प्रसार करते आहे. सुरुवात करणाऱ्याने आधी शिक्षक शोधावा, वाद्य भाड्याने घ्यावे आणि खरेदी नंतर करावी. चुकीचे बसणे पहिल्या वर्षात अंगवळणी पडले, तर पुढे ते सोडवायला दुप्पट कष्ट पडतात.