दगडावर कोणाचं नाव

सारायेव्हो शहरात मिल्यात्स्का नदीवर लॅटिन पूल नावाचा जुना दगडी पूल आहे. २८ जून १९१४ रोजी त्या पुलाच्या टोकाशी, रस्ता वळतो तिथे, गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या वळणावरच्या दगडांचं पुढे काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही.

१९१७ मध्ये ऑस्ट्रियाने तिथे युवराज दांपत्याचं स्मारक उभारलं. लवकरच साम्राज्य कोसळलं आणि नव्या युगोस्लाव राज्याने ते उतरवलं. १९३० मध्ये तिथे पाटी लागली, ती मात्र मारणाऱ्याच्या गौरवाची: प्रिन्सिपने या जागी स्वातंत्र्याची घोषणा केली, अशा अर्थाची. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. त्यांनी ती पाटी काढली आणि हिटलरला बावन्नाव्या वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. तो ती पाहत उभा आहे असं छायाचित्र आहे. १९४५ मध्ये शहर मुक्त झालं आणि प्रिन्सिप पुन्हा भिंतीवर आला, आता जर्मन आक्रमकांविरुद्ध लढणाऱ्यांचा पूर्वज म्हणून. १९५३ मध्ये तिथे संग्रहालय झालं, पदपथावर त्याच्या पावलांचे ठसे उमटवले गेले आणि पुलालाही त्याचंच नाव होतं. १९९२ मध्ये बोस्नियन सर्ब फौजांनी शहराला वेढा घातला. डोंगरावरून तोफा डागणाऱ्यांचा हा पूर्वज आपल्या रस्त्यावर कशाला, असं वेढ्यातल्या लोकांना वाटलं. पाटी गेली, ठसे उखडले गेले, पूल पुन्हा लॅटिन झाला. २००४ मध्ये लागलेली पाटी एवढंच सांगते की या जागेवरून अमुक दिवशी अमुक माणसाने अमुक दोघांना मारलं. त्याला वीर म्हटलेलं नाही, मारेकरी असा शिक्काही मारलेला नाही. दहा वर्षांनी, शताब्दीच्या आदल्या दिवशी, शहराच्या सर्बबहुल पूर्व भागात प्रिन्सिपचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला.

हा इतिहास वाचून बहुतेक लोक म्हणतात, सत्ता बदलली की स्मारक बदलतं. ते खरं आहे, पण मला तेवढ्यावर थांबता येत नाही. या सगळ्या पाट्यांमध्ये एक प्रश्न हळूहळू पुढे सरकत आलेला दिसतो. दगडावर कोणाचं नाव घ्यायचं? जिंकलेल्याचं, मेलेल्याचं, की मारणाऱ्याचंही?

त्या वळणावरून पेटलेल्या महायुद्धाचे दगड महाराष्ट्रातल्या काही गावांतही आहेत. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यातले इतके मेले, असा मजकूर असलेल्या लहानशा संगमरवरी पाट्या इंग्रज सरकारने बसवल्या. त्यांवर आकडा आहे, नाव नाही. गावाला ती माणसं माहीत होती, सरकारला मोजदाद पुरेशी होती. आकडा कोणीही आपल्या सोयीने वापरू शकतो, ही गोष्ट बोस्नियात आणि शेजारच्या क्रोएशियात फार महागात पडली.

दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्हियात जर्मन आणि इटालियन फौजांनी माणसं मारली तशी तिथल्या माणसांनी एकमेकांनाही मारलं. क्रोएशियाच्या उस्ताशा राजवटीने यासेनोवात्सच्या छळछावणीत सर्ब, ज्यू, रोमा आणि विरोधी क्रोएट लोकांना ठार केलं. सर्ब चेतनिक टोळ्यांनी मुसलमानांची आणि क्रोएटांची गावं जाळली. युद्ध संपल्यावर पार्टिझान गनिमांचा नेता टिटो याच्या राज्यासमोर खरी अडचण ही होती की मारणारे आणि मेलेले यांची कुटुंबं आता एकाच देशात, कधी एकाच खोऱ्यात राहणार होती. राज्याने 'बंधुता आणि एकता' ही घोषणा दिली आणि मेलेल्यांसाठी एक सामायिक नाव ठरवलं: फॅसिझमचे बळी. कोण कोणाच्या हातून मेला हे त्यात विचारायचं नव्हतं.

या धोरणातून जी शिल्पं जन्माला आली ती विसाव्या शतकातल्या स्मारककलेतली सर्वांत धाडसी आहेत, असं मला मनापासून वाटतं. बंदूकधारी सैनिक नाही, क्रूस नाही, चंद्रकोर नाही. सुत्येस्काच्या दरीत १९७१ मध्ये मिओद्राग झिव्कोविचने पांढऱ्या काँक्रीटचे दोन प्रचंड कडे समोरासमोर उभे केले. कोझारा डोंगरावर दुशान जामोन्याने १९७२ मध्ये उंच दंडगोल उभारला. या सगळ्यांत ज्याच्याविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो बेलग्रेडचा वास्तुकार बोग्दान बोग्दानोविच. यासेनोवात्समध्ये छावणीच्या इमारती उरल्या नव्हत्या, नुसती सपाट, पाणथळ जमीन होती. तिथे त्याने १९६६ मध्ये काँक्रीटचं एक भलंमोठं फूल उमलवलं. छळाची दृश्यं त्याने दाखवली नाहीत. सूड पेटेल असं काही तिथे उभं करायचं नाही, हा त्याचा निर्धार होता. मोस्तार शहरात टेकडीच्या उतारावर त्याने १९६५ मध्ये पार्टिझान योद्ध्यांचं दफनस्थळ रचलं. तिथे मात्र नावं होती. सर्ब, क्रोएट, मुसलमान, ज्यू, सगळ्यांची, ओबडधोबड आकाराच्या लहान दगडांवर, एकमेकांत मिसळून, धर्माच्या कोणत्याही खुणेविना. फुलापेक्षा ते दगड मला जास्त मोलाचे वाटतात.

कारण फुलाच्या सावलीत राज्याने एक गोष्ट लपवली होती. युगोस्लाव्हियाचे सतरा लाख लोक युद्धात मेले, हा आकडा सरकारने नुकसानभरपाईच्या वाटाघाटीत मांडला होता आणि तोच पाठ्यपुस्तकांत गेला. १९६४ मध्ये घरोघरी जाऊन युद्धबळींची नावनिशीवार गणना झाली, तेव्हा यादी भरली सुमारे सहा लाखांची. ती अपुरी होती हे खरं, पण तफावत इतकी मोठी होती की सरकारने यादीच दाबून ठेवली. एकट्या यासेनोवात्समध्ये सात लाख मेले, हेच सांगितलं जात राहिलं. १९८० च्या दशकात टिटो गेलेला, अर्थव्यवस्था खचलेली, अशा वेळी सर्ब राष्ट्रवाद्यांनी हा आकडा क्रोएटांवर उगारला, आणि क्रोएट राष्ट्रवाद्यांनी, त्यांचे नेते फ्रान्यो तुज्मान यांच्यासह, तो इतका खाली आणला की गुन्हाच किरकोळ वाटावा. मेलेल्यांची नावं कोणाच्याच हाती नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजूंना हवं ते बोलता आलं. आज यासेनोवात्सच्या संग्रहालयात काचेच्या फलकांवर नावं लिहिलेली आहेत आणि ओळख पटलेल्या बळींची यादी ८३,१४५ वर पोचली आहे. हा आकडा सात लाखांपेक्षा लहान आहे म्हणून गुन्हा लहान होत नाही. उलट, नाव असलेल्या माणसाला नाकारणं कठीण जातं. ही यादी १९६० च्या दशकातच लोकांसमोर आली असती तर १९९० च्या दशकातलं युद्ध टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण युद्धाला चिथावणी देणाऱ्यांच्या हातातलं एक मोठं हत्यार गेलं असतं.

१९९० च्या दशकात त्या स्मारकांचं काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. एकट्या क्रोएशियात सुमारे तीन हजार पार्टिझान स्मारकं फोडली वा विद्रूप केली गेली. कामेन्स्का गावचं व्होयिन बाकिचचं पोलादी शिल्प १९९२ मध्ये सुरुंगाने उडवलं. बोग्दानोविच सर्बियाचा नेता मिलोशेविच याच्या राष्ट्रवादाविरुद्ध उघडपणे बोलत राहिला, शेवटी देश सोडून व्हिएन्नाला गेला आणि २०१० मध्ये तिथेच वारला. मोस्तारचं दफनस्थळ युद्धात आणि युद्धानंतरही नासवलं गेलं. २०२२ च्या जूनमध्ये एका रात्रीत तिथले जवळपास सगळे नावांचे दगड फोडण्यात आले. युद्ध संपून सत्तावीस वर्षं झाली होती, तरी मिसळलेली नावं कोणाला तरी सहन होत नव्हती.

१९९५ च्या डेटन कराराने बोस्नियाचे दोन भाग झाले: बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुसलमान) आणि क्रोएट लोकांचं फेडरेशन, आणि सर्बांचं रेपब्लिका स्र्प्स्का. ज्या भागात ज्याची सत्ता त्याचे मेलेले दगडावर आले. प्रीयेडोरजवळच्या तर्नोपोल्ये गावात १९९२ मध्ये बोस्नियाक आणि क्रोएट लोकांना डांबून ठेवलं होतं. काटेरी तारेमागच्या हाडकुळ्या माणसांची चित्रं तेव्हा जगभर पोचली. आज त्या छावणीच्या जागेसमोर स्मारक आहे ते लढाईत पडलेल्या सर्ब सैनिकांचं. छावणीतल्या कैद्यांचा तिथे उल्लेख नाही. जवळच ओमार्स्काची लोखंडाची खाण आहे. तीही छावणी होती. पुढे ती लक्ष्मी मित्तल यांच्या पोलाद कंपनीकडे आली. २००५ मध्ये तिथे स्मारक करण्याचं जाहीर झालं, स्थानिक विरोधानंतर ते बारगळलं, आणि वाचलेले लोक दर ऑगस्टमध्ये चालू खाणीच्या आवारात जाऊन आपल्या माणसांना आठवतात. प्रीयेडोर परिसरात मारल्या गेलेल्या १०२ मुलांसाठी शहरात स्मारक हवं, ही पालकांची मागणी दहा वर्षांहून जुनी आहे. एखाद्या मुलाच्या नावाला शहराच्या मधोमध जागा देण्यात कोणत्या राष्ट्राचं काय जातं, हे मला समजून घेता आलेलं नाही, आणि समजून घ्यावंसंही वाटत नाही.

द्रिना नदीकाठच्या विशेग्रादमध्ये बळींच्या नातेवाइकांनी मुसलमान दफनभूमीत आपल्या खर्चाने दगड बसवला. त्यावर 'वंशसंहार' हा शब्द होता. २०१४ च्या जानेवारीत अधिकारी पोलिसांसह आले आणि तो शब्द छिन्नीने काढला गेला. बायकांनी तो लिपस्टिकने पुन्हा लिहिला. शब्दाची किंमत दोन्ही बाजूंना नेमकी कळली होती.

स्रेब्रेनित्साजवळ पोतोचारीला मात्र विचार एक पाऊल पुढे गेला, असं मी मानतो. जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. गुन्हा लपवण्यासाठी प्रेतं यंत्रांनी उकरून दुसऱ्या खड्ड्यांत नेली गेली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडली. डीएनए तपासून एकेकाची ओळख पटवली गेली आणि दर वर्षी ११ जुलैला ओळख पटलेल्यांचं दफन होतं. बळींची संख्या कोरलेल्या दगडावर आकड्यापुढे टिंबं आहेत, कारण मोजणी अपुरी आहे हे त्यांनी मान्य केलं आहे. पुराव्याने सिद्ध झालेलं तेवढंच कोरायचं आणि उरलेल्यासाठी जागा ठेवायची, हे यासेनोवात्सच्या सात लाखांना दिलेलं उत्तर आहे. थोड्या अंतरावर क्रावित्सा गावात सर्ब बळींसाठी मोठा क्रूस उभा आहे. १९९३ च्या ऑर्थोडॉक्स नाताळच्या दिवशी बोस्नियाक फौजांनी त्या गावावर हल्ला केला होता. तिथले मेलेलेही माणसंच होती. त्यांच्यासाठी शोक करायला पोतोचारी नाकारावं लागत नाही, पण राजकारणी तसंच करायला शिकवतात.

मेलेल्यांची नावं घ्यायला या प्रदेशाला पन्नास वर्षं लागली. मारणाऱ्यांचं काय? हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९३ ते २०१७ या काळात १६१ जणांवर आरोप ठेवले. त्या न्यायालयाच्या उणिवा पुष्कळ सांगता येतील, पण त्याने एक गोष्ट ठामपणे केली: गुन्हा माणसाच्या नावावर टाकला, समाजाच्या नाही. ही शिस्त स्मारकांनी अजून घेतलेली नाही. सारायेव्होचं जुनं नगरभवन, म्हणजे तेव्हाचं राष्ट्रीय ग्रंथालय, ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी पेटलं, लाखो पुस्तकं जळाली. तिथल्या पाटीवर हे कृत्य 'सर्ब गुन्हेगारांनी' केलं असं लिहिलं आहे. २०१४ मध्ये शताब्दीचा मोठा कार्यक्रम याच इमारतीत झाला आणि सर्बियाचे नेते या पाटीचं कारण देऊन आले नाहीत. ते निमित्त होतं हे मला दिसतं. तरीही वेढ्यातल्या सारायेव्होत बोस्नियाक आणि क्रोएट शेजाऱ्यांबरोबर राहिलेले, तिथेच मेलेले सर्ब होते. त्यांना ही पाटी वाचताना काय वाटतं, हा प्रश्न निमित्त म्हणून झटकता येत नाही. ज्यांनी वेढ्याचे हुकूम दिले त्यांची नावं हेगच्या निकालपत्रांत आहेत. ती पाटीवर का नसावीत?

याच्या उलट चूक त्याच शहराच्या वरच्या अंगाला, त्रेबेविच डोंगरावरच्या काझानी नावाच्या खोल खड्ड्यापाशी झाली. वेढ्याच्या काळात बोस्नियन सेनेच्या एका तुकडीतल्या लोकांनी शहरातल्या सामान्य नागरिकांना, मुख्यतः सर्बांना, मारून तिथे टाकलं. त्यांचा नायक मुशान तोपालोविच १९९३ मध्ये मारला गेला. तीन वर्षांनी त्याचे अवशेष हुतात्म्यांच्या दफनभूमीत मोठ्या गर्दीत सन्मानाने पुरले गेले. शहराने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये महापौर बेंयामिना कारिच यांच्या पुढाकाराने काझानीला स्मारक उभारलं. आपल्या बाजूने केलेल्या गुन्ह्याच्या बळींची नावं आपणच कोरायची, हे त्या देशात फार थोड्यांनी केलेलं आहे. कारिच यांचं धैर्य मी मानतो. पण दगडावर मेलेल्यांची नावं आहेत आणि मारणाऱ्यांविषयी एक अक्षरही नाही. वाचणाऱ्याला वाटावं, ही माणसं खड्ड्यात आपोआप गेली.

टिटोच्या काळातली मुकी वाक्यरचनाच इथे परत आली आहे, आणि आता तिला बंधुतेचं कारणही उरलेलं नाही. फरक एवढाच की या वेळी आक्षेप घेणारे केवळ पलीकडचे नव्हते. सारायेव्होतल्याच लोकांनी, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आणि पत्रकारांनी विचारलं की कोणी मारलं हे का लिहिलं नाही. आपल्या सेनेतल्या माणसाचं नाव आपल्या शहराच्या दगडावर गुन्हेगार म्हणून लिहा, अशी मागणी त्यांनी आपल्याच महापौरांकडे केली.