सोप्या वाटेची वारी

गेल्या वैशाखात अमेरिकेतील अटलांटा शहरी तिकडच्या मराठी मंडळींच्या आग्रहावरून आमची तीन कीर्तने झाली. दुसऱ्या कीर्तनानंतर एक वृद्ध माउली पुढे आल्या. मूळच्या आळंदीकडच्या. पंचवीस वर्षे ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर पायी चाललेल्या. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून मुलाकडे राहतात. त्यांनी विचारले, "महाराज, हितं घराजवळ एक चालायची वाट हाय. रोज सकाळी नाम घेत चालते. हे चालणं वारीत धरलं जाईल का हो?"

आम्ही पटकन बोलून गेलो, "माउली, सिमेंटावरची कसली वारी? ना ऊन, ना चिखल, ना दिवेघाट!" मंडळी हसली. त्या हसल्या नाहीत. "बरं" एवढे म्हणून बाजूला झाल्या.

रात्री झोप लागेना. पूर्वपक्ष पुरता ऐकल्यावाचून सिद्धांत सांगू नये, हे पाठशाळेत गुरुजींनी आम्हाला छडी मारून शिकवले होते. चाळीस वर्षे कीर्तन करूनही आम्ही तेवढेच विसरलो. सकाळी त्यांच्याबरोबर त्या वाटेवर गेलो.

या वाटेला तिकडे बेल्टलाइन म्हणतात. शहराभोवती जुन्या आगगाडीचे मार्ग ओस पडून होते. त्या जागी शहराला वेढा घालणारी ट्राम करावी, अशी कल्पना रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९९ साली आपल्या प्रबंधात मांडली. वेढा २२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरांचा. ४५ वस्त्या त्याने जोडायच्या. तो अद्याप पुरा झालेला नाही. आम्ही चाललो तो पूर्वेकडचा भाग २०१२ साली खुला झाला. शहराला प्रदक्षिणाच म्हणा ना! फक्त मध्ये गाभारा नाही. रुंद, गुळगुळीत वाट, दोहो बाजूंस झाडे. चाकाच्या खुर्चीतले चालले आहेत, बाबागाडीतली लेकरे चालली आहेत, कुत्री तर आमच्याहून ऐटीत. चढ म्हणून जाणवत नाही. त्याचे कारण साधे आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक तीव्र चढ चढत नाही. म्हणून आगगाडीसाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी उंचवटे कापले, खळगे भरले. आजची आमची सोय ही त्यांच्या पाठीवरची मेहनत आहे.

आता प्रश्न असा की, कष्ट नाहीत तेथे साधन कसले? कठोपनिषदाने मार्गाला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. आम्हा संस्कृत घोकलेल्या लोकांच्या मनात ती अशी बसते की अवघड तेच खरे वाटू लागते. पण तेच उपनिषद श्रेय आणि प्रेय असा भेद करते, अवघड आणि सोपे असा नव्हे. वाट गुळगुळीत असणे हा वाटेचा गुण झाला. प्रेयाच्या मागे लागणे हा मनाचा. गीतेच्या नवव्या अध्यायात तर भगवंत आपली राजविद्या आचरायला सुखाची म्हणतात, आणि सतराव्यात मूढ हट्टाने देहाला पिळून केलेल्या तपाला तामस ठरवतात. आणि दूर कशाला जायचे? ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी संस्कृताचा दुर्गम काठ फोडून मराठी शब्दांच्या पायऱ्या बांधल्या, आणि ते श्रेय निवृत्तिनाथांचे, असे माउलींनी सांगितले आहे. सोपी वाट बांधणे हाच आपल्या संप्रदायाचा आद्य उद्योग! आमच्या आजीला रामः रामौ कधी आले नाही, पण बारावा अध्याय ती जात्यावर म्हणे. तिची भक्ती सोप्या वाटेची म्हणून उणी होती काय? आजच्या वारीत पाण्याचे टँकर आहेत, फिरते दवाखाने आहेत. त्यामुळे वारी बुडाली असे कोणी म्हणत नाही.

हे सारे आम्ही चालता चालता त्या माउलींना सांगितले. चुकलो, असेही म्हटले. वाटले, त्या समाधान पावतील. त्या एका बाकापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "महाराज, सिमेंटाचं मी म्हणतच नव्हते."

मग त्यांनी सांगितले ते असे. त्या बाकावर रोज एक काळी म्हातारी बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ही हात जोडायची, ती हात हलवायची. मग दोघी मिळून पुढच्या पुलापर्यंत जायच्या. दोन वर्षे असे चालले. पुढे वाटेकाठची घरभाडी चढत गेली, आणि म्हातारीला घर सोडावे लागले. कोठे गेली कोणास ठाऊक. "वारीत बाई मागं राहिली तर कुणीतरी थांबतं, महाराज. हितं ती गेली, आन् वाट हाय तशीच. म्हणून इचारलं, ही वारी म्हणायची का."

आम्ही गप्प झालो. प्रश्न आम्हाला वाटला त्याहून निराळाच होता.

घरी त्यांच्या मुलाने सांगितले की वाट झाल्यावर आसपासच्या जमिनीचे मोल फार वाढले आणि गरीब भाडेकऱ्यांना राहणे कठीण झाले. परवडणारी ५,६०० घरे बांधण्याचा संकल्प योजनेतच आहे. पण त्याकडे पुरेसे लक्ष नाही असे वाटून खुद्द ग्रॅव्हेल २०१६ साली योजनेशी संबंधित एका संस्थेच्या मंडळातून बाहेर पडले. ज्याने वाट कल्पिली त्यालाच ती बोचली!

आपल्याकडेही पालखी महामार्गाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. पायी जाणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट, हे चांगलेच. पण त्या रुंदीसाठी कोणाचे शेत गेले, कोणाच्या दारचा वड गेला. त्या सावलीत आम्ही अनेकदा भाकरी खाल्ली आहे. मग सोप्या वाटा करूच नयेत काय? असे आम्ही म्हणणार नाही; या गुडघ्यांनी तर मुळीच नाही. माउलींच्या पायऱ्यांसाठीही काठ फोडावा लागलाच. पण काठावर राहणाऱ्याला तिथून उठावे लागले नाही. उलट ज्याला कधी पाण्यापर्यंत येऊ दिले नव्हते तो खाली उतरला. आम्हा पंडितांची थोडी मिरास गेली असेल, ती जायलाच हवी होती.

त्या सायंकाळी तिसरे कीर्तन होते. पूर्वरंग बाजूला ठेवून, काल ज्या सभेपुढे त्या माउलींना हसवले होते त्याच सभेपुढे आम्ही क्षमा मागितली. बाकावरच्या म्हातारीची गोष्टही सांगितली. आरती झाल्यावर दोघे तरुण येऊन त्या बाकाचा ठिकाणा विचारून गेले. माउलींना मात्र तिचे नावही ठाऊक नव्हते. निळी टोपी घालायची, एवढेच त्या सांगू शकल्या.