लपविलेला मार

माझी पुतणी कबड्डी खेळते. गेल्या वर्षी एका पकडीत समोरच्या मुलीचे डोके तिच्या डोक्यावर आदळले. घरी आली ती हसतच. जेवताना मात्र आमटी वाढून झाल्याचे तिला आठवेना. वहिनींनी विचारले, "लागलं का गं कुठं?" ती म्हणाली, "छे!" ते 'छे' खोटे होते, हे कळायला आम्हांला तीन दिवस लागले. मी रागावलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काका, खरं सांगितलं असतं तर बाबांनी खेळच बंद केला असता." मी निरुत्तर झालो.

हे घराघरांतलेच दुखणे आहे असे नाही. १९९९ च्या विश्वचषकात चीनचा पेनल्टीचा फटका अडविणारी अमेरिकेची गोलरक्षक ब्रियाना स्करी हिच्या कानशिलावर २०१० साली एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा गुडघा आदळला. ती उठली आणि मध्यंतरापर्यंत खेळत राहिली. तो तिचा शेवटचा सामना ठरला. पुढची कित्येक वर्षे डोकेदुखी आणि औदासीन्य यांनी खाल्ली.

हाड मोडले तर ते लपत नाही. मेंदूला बसलेला हादरा क्ष-किरणांच्या चित्रातही उमटत नाही. त्याचा मुख्य साक्षीदार म्हणजे स्वतः खेळाडू. आणि मार बसलेला असतो तो नेमका त्या साक्षीदाराच्याच डोक्याला! म्हणूनच नुसती शंका आली तरी खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, असा आज दंडक आहे. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला, तर प्रसंगी जिवावर बेतते.

मार पुरुषही लपवितात. संघातली जागा जाण्याचे भय त्यांनाही असतेच. पण मुलीचे खेळणे अजून पुष्कळ घरांत हक्क नसून सवलत आहे. मुलाचा पाय मोडला तर आपण म्हणतो, "बरा हो, मग खेळ." मुलीचा मोडला तर म्हणतो, "तरी सांगत होतो!" शिवाय सोसणे हा बाईचा दागिना, असे आपणच तिला शिकविले. चुलीवर भाजलेला हात पदराआड झाकणाऱ्या आजीचे आपण गोडवे गायिले. तिच्या नातीने डोक्याचा मार झाकला, तर तिला खोटारडी कोणत्या तोंडाने म्हणावे?

तथापि खोटे ते खोटेच. भोवंडलेली खेळाडू स्वतःबरोबर सोबतिणींनाही धोक्यात घालते. सत्य सांगणे हे तिचे कर्तव्य खरेच. परंतु त्या सत्याची किंमत आपण ठरवितो. ज्या घरात खरे बोलल्याची शिक्षा होते, त्या घराला खोट्यावर रागावण्याचा अधिकार कितीसा उरतो?

मी भावाशी बोललो. ठरले ते एवढेच: लागले तर विश्रांती मिळेल, बंदी नाही.

गेल्या महिन्यात ती सामन्याहून आली आणि दारातूनच म्हणाली, "काका, आज डोकं आपटलं. सांगून बाहेर बसले. आम्ही हरलो."

तिला डॉक्टरांना दाखवून परतताना मी पेढे घेतले.