आधी उन्हाचं विचारा

आयटीआय झालेला वेल्डर किंवा वायरमन आखातात जायचं म्हणाला, की घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो. मी म्हणेन, आधी उन्हाचं विचारा. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. दुबईत ही बंदी १५ जूनला सुरू होते, आणि तीही १२.३० ते ३ एवढीच. परांचीवर उभ्या माणसाला कतारमधले हे जास्तीचे तीन तास म्हणजे चैन नव्हे, जीव आहे. त्यात किनाऱ्यावरची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग निवतच नाही. रत्नागिरीच्या पोराला हे सांगायला नको. आटपाडीच्या पोराला मात्र ते नवंच.

मग मालकाचं. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. मला तर हे शे-दोनशे रियाल जास्त मिळण्यापेक्षा मोलाचं वाटतं. राहता राहिला एजंट. त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. तिथे नाव नसेल, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.