बदलून बघू

गाडी दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, ‘बदलून बघू.’ रिले बदलून बघू, फिल्टर बदलून बघू, पंप उतरवून बघू. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण त्यातलं बघणं मिस्त्रीचं असतं आणि पैसे गाडीवाल्याचे. अंदाज एकानं करायचा आणि चुकला तर भुर्दंड दुसऱ्यानं भरायचा, हे न्यायाचं आहे का? हा प्रश्न मला आमच्या आबांच्या जीपमुळे पडला, आणि अजून तो पुरता सुटलेला नाही.

आबा म्हणजे माझे चुलते. तेव्हाच्या वेल्हे तालुक्यात, पाबे घाटाच्या पलीकडे आमचं गाव. भाताची चार खाचरं आणि एक जुनी डिझेल जीप, यावर घर चालायचं. जीप वडापला होती. बाजाराला तीच, शाळेला तीच, रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतीण अडली, की तीच. मी तेव्हा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळच्या एका वाड्यात खोली घेऊन राहत होतो. गावचं माणूस कोर्टात नाहीतर दवाखान्यात आलं की जीप नदीकडच्या रस्त्याला लागायची आणि आबा चहाला वर यायचे. खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि मुठा फुगली की जिन्यातूनच म्हणायचे, “आमचाच पाऊस आमच्या आधी पोचला की रं तुझ्याकडं.”

१९९८ च्या पावसाळ्यात ती जीप घाटात बंद पडायला लागली. रोज नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. एकदा आत तापानं फणफणलेलं पोर होतं आणि पाऊस असा की समोरचा दगड दिसेना. त्या रात्रीनंतर लोक बसताना आबांना विचारायला लागले, “पोचवशील ना?” वडापवाल्याला हा प्रश्न परवडत नाही.

पुण्यात कुणीतरी एका पंपवाल्याकडे पाठवलं. त्याचा हिशेब सरळ होता. डिझेलचं इंजिन बंद पडतं म्हणजे डिझेल पोचत नाही, डिझेल पोचत नाही म्हणजे पंप गेला. पंप उतरला, उघडला, आतले झिजलेले भाग बदलले, कॅलिब्रेशन झालं, चारही नोझल नव्या पडल्या. आबांचे त्या सालच्या भाताचे जवळजवळ सगळे पैसे गेले. जीप घाट चढताना पूर्वीपेक्षा जोरात चढू लागली आणि पाचव्या दिवशी त्याच घाटात बंद पडली.

मग पेठेतलेच एक वायरिंगवाले मिस्त्री भेटले. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोळाच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये स्टार्टर आणि डायनामो उघडून बसायचे. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, “बंद पडते ती कशी पडते?”

“कशी म्हंजे? बंद पडती.”

“तसं नव्हे. धापा टाकत मरते, का चावी फिरवल्यासारखी पट्‌कन?”

आबांनी डोळे मिटून आठवलं. “पट्‌कन. हूं नाय का चूं नाय.”

त्या उत्तरात अर्धं निदान होतं. टाकीकडून येणाऱ्या पाइपात कुठे एअर धरत असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर डिझेल इंजिन एकदम मरत नाही. गचके देतं, उचल खातं, पडतं, पुन्हा उचलतं. हे ओढीच्या बाजूचं दुखणं मोठं लबाड असतं, कारण तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत शिरते. पाइप कोरडा दिसतो आणि माणूस फसतो. तिथे पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघावे लागतात. पण इंजिन जर चावी काढल्यासारखं गप्प होत असेल, तर आधी खरंच ‘चावी निघते’ का हे बघायचं. रोटरी पंपावर एक छोटा सोलेनॉइड असतो. त्याला वीज मिळतेय तोवर डिझेलची वाट उघडी. वीज गेली की आतली दट्ट्या पडते आणि वाट बंद. म्हणजे हजारो रुपयांचा पंप धडधाकट असला तरी एका बोटाएवढ्या तारेवर सगळं लटकलेलं.

मिस्त्रींनी मीटर लावला. बारा व्होल्ट बरोबर दाखवले. मला वाटलं, झालं, वायर चांगली आहे. ते म्हणाले, मीटरला काय, एक केस शाबूत असला तरी तो व्होल्ट दाखवतो. मग त्यांनी हेडलाइटचा जुना बल्ब त्या वायरला जोडला. बल्ब मिणमिणला. वायरवर भार टाकल्यावर ती खरं बोलली. वरचं रबर अखंड होतं, आतली तांब्याची केसरं लगापाशी एकेक करून तुटलेली. इंजिन तापलं, घाटात हादरलं, की उरलेली एकदोन केसरं सुटायची. थांबून निवलं की पुन्हा टेकायची. (गॅरेजात ‘अर्थ लागत नाही’ असं एक दुखणं असतं. बी.ए.ला असताना ते मला फार ओळखीचं वाटे.)

वीतभर नवी वायर घातली, जीप चालू झाली. आबांनी खिशात हात घातला. तेवढ्यात मिस्त्रींनी नवी वायर काढली आणि जुनी परत लावली.

“चालू गाडी कशाला मारताय?” आबा चिडले.

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. जीप चालू केली, आबांचा हात धरून त्या वायरवर ठेवला. “हलवा.” आबांनी हलवली. इंजिन पट्‌कन गप्प. मग नवी लावून पुन्हा हलवायला लावली. काही झालं नाही. तेव्हा कुठे त्यांनी स्क्रू आवळला.

हे करणारा कारागीर मी नंतर फार पाहिला नाही. भाग बदलला आणि गाडी चालू झाली, एवढ्यावरून तोच भाग खराब होता असं सिद्ध होत नाही. बदलताना दहा जोड सुटतात, पुसले जातात, पुन्हा घट्ट बसतात. दुखणं त्यातल्या एखाद्या जोडाचं असतं आणि श्रेय नव्या भागाला जातं. जुना भाग परत लावल्यावर दुखणं परत आलं, तरच खात्री. त्या वर्षी मी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकत होतो. धूर आहे तिथे अग्नी असतो, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. चूल फुंकणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिला ठाऊक असतं की धूर ओल्या सरपणाचा आहे. पंपवाल्यानं ही वाट उलटी धरली होती. पंप गेला तर गाडी बंद पडते हे खरं, म्हणून गाडी बंद पडली की पंपच गेला असं त्यानं मानलं.

मी तरणा होतो. म्हणालो, आबा, चला, पैसे परत मागू. आबा हलले नाहीत. “पंप झिजलाच हुता. त्यानं काम चोख केलंय. फसवलं न्हाय, त्याला कळलं न्हाय.”

“मग कळत नाही असं सांगायचं होतं.”

“‘कळत न्हाय’ म्हणणाऱ्याकडं तू गाडी लावशील?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गिऱ्हाइकाला खात्रीचा आवाज हवा असतो, म्हणून मिस्त्री खात्रीचा आवाज काढतो. तरी आबांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. अंदाज करायला हरकत नाही, वैद्यही करतो. पण हा अंदाज आहे, चुकला तर एवढा खर्च वाया जाईल, हे उतरवण्याआधी सांगणं हे कामाचाच भाग आहे. ते न सांगता पान्हा लावला, तर काम चोख असूनही काहीतरी चोरलं जातं. पैजेला बसायचं की नाही हे ठरवायचा आबांचा हक्क गेला.

आणि गंमत पाहा. मिस्त्रींनी अर्ध्या दिवसाचे दीडशे रुपये मागितले, तेव्हा पंपाचे हजारो निमूट मोजणारे हेच आबा म्हणाले, “वीतभर वायरीचं दीडशे?” शेवटी दिले, पण गावाला जाईपर्यंत कुरकुरत होते.

आबांचा मुलगा आता नसरापूरला हायवेलगत गॅरेज चालवतो. त्याच्याकडे येणाऱ्या जुन्या इंजेक्शनच्या पेट्रोल जिप्सी ओढ्यानाल्यांतून पाणी पिऊन आलेल्या असतात. स्कॅनर किंवा लुकलुकणारा दिवा त्याला सांगतो, पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरची तक्रार आहे. पुष्कळ जण लगेच सेन्सर बदलतात. हा आधी कनेक्टर उघडतो. आत हिरवा गंज असला की रोध वाढतो, कॉम्प्युटरला इंजिन गारठलेलं वाटतं, तो पेट्रोल वाढवतो आणि गाडी काळा धूर ओकते. तक्रार सेन्सरच्या नावावर आलेली असते, गुन्हा गंजाचा. बिलावर तो तपासणीचे पैसे वेगळे लिहितो, भाग बदलो न बदलो. गावाकडचं गिऱ्हाईक ते द्यायला अजून राजी होत नाही, असं तो म्हणतो. पुण्याचं तर मुळीच नाही.